मदत हवी आहे: अर्क टाकल्यावर कॅन्सरच्या पेशी मरायच्या सोडून वाढताना दिसतात

बडोदेकर_लॅब
एमटीटी केली (जिवंत पेशी या पिवळ्या रंगाचा जांभळा करतात, जितका जांभळा तितकी रीडिंग जास्त). अर्क जितका जास्त, तितकी रीडिंग चढते. तुलनेला ठेवलेलं डॉक्सोरुबिसिन (केमोचं औषध) व्यवस्थित मारतंय, म्हणजे पेशी ठीक आहेत. सोमवारी गाइडना आलेख द्यायचाय. लवकर सांगा.

प्रयोगवही
कुठली वनस्पती? कशातला अर्क? सेल लाइन? डोस?

बडोदेकर_लॅब
हिरडा, पाण्यातला. एमसीएफ-७ (स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी), पुण्याच्या एनसीसीएस या पेशी-संशोधन केंद्राची. ४८ तास.

सुनंदाताई
हिरडा कशाला, सदाफुली घ्या! व्हिन्क्रिस्टिन, व्हिन्ब्लास्टिन ही कॅन्सरची औषधं तिच्यातलीच. लहान मुलांच्या ल्युकेमियात आजही देतात. इकडे अलकापुरीत दर दुसऱ्या अंगणात आहे. आमच्या जाऊबाईंना मी रोज चार पानं देते, केमो चालू आहे त्यांची.

प्रयोगवही
ताई, ते आजच थांबवा आणि त्यांच्या डॉक्टरांना सांगा. व्हिन्क्रिस्टिन नसांना इजा करतं, हातपाय बधिर होतात.

सुनंदाताई
अहो, टनभर वाळक्या पानांतून जेमतेम काही ग्रॅम निघतं. चार पानांत काय असणार?

प्रयोगवही
मग देता कशासाठी? शिवाय त्या झाडात शंभरावर इतर अल्कलॉइड आहेत, केमोसोबत ती काय करतील ते कोण बघणार?

घाटवाटा
सदाफुली निदान लावता येते. कॅम्पटोथेसिनसाठी (कॅन्सरच्या औषधांचा कच्चा माल) आपल्या सह्याद्रीतला नरक्या हे झाड मुळासकट तोडून नेला लोकांनी. त्याबद्दल कुणीच बोलत नाही.

बडोदेकर_लॅब
माझ्या प्रश्नाचं काय?

मीनल_फार्मा
हिरड्यात टॅनिन खच्चून भरलेलं. ते एमटीटीचं क्षपण (रिडक्शन) स्वतःच करतं, जांभळा रंग येतो, पेशी असोत वा नसोत. बिनपेशींच्या वेलमध्ये (प्लेटच्या खळग्यात) नुसता अर्क आणि एमटीटी घालून बघ. आणि डोस अजून सांगितला नाहीस.

बडोदेकर_लॅब
बघितलं. बिनपेशींचे वेलही जांभळे! डोस मिलीला १००० मायक्रोग्रॅमपर्यंत.

प्रयोगवही
हजार? इतक्यावर मेल्या तरी कुणी मानणार नाही. कच्च्या अर्काला साधारण ३० च्या आत आयसी-५० (निम्म्या पेशी रोखणारा डोस) आला, तर पुढे घटक वेगळे करण्यात अर्थ.

मीनल_फार्मा
एमटीटी घालण्याआधी अर्क काढून पीबीएसने (क्षारांचं बफर द्रावण) दोनदा धू. त्याहून बरं म्हणजे एसआरबी ही दुसरी रंगाची चाचणी कर. तो रंग पेशींतल्या प्रथिनांना चिकटतो, क्षपणाचा संबंधच नाही. सोबत एक निरोगी पेशींची लाइन ठेव, नाहीतर अर्क सगळंच मारतोय की फक्त कॅन्सर, ते कळणार नाही. सोमवारी गाइडना जांभळ्या वेलचा फोटो दाखव, आलेख नंतर.

सुनंदाताई
डॉक्टरांना फोन केला. पानं बंद करायला सांगितलीत.