मदत हवी आहे: लष्करी धोरण खरंच बदललं, हे ओळखायचं कशावरून?

नमस्कार मंडळी. देश आपलं लष्करी धोरण नव्याने कसं आखतात यावर लेख लिहितोय आणि एका जागी अडलोय. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि तीनच दिवसांनी जर्मनीने सैन्यासाठी १०० अब्ज युरोंचा निधी जाहीर केला. पण नुसता पैसा ओतणं म्हणजे धोरण नव्हे ना! त्यापेक्षा जपान मला बोलका वाटतो. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनी खर्च वाढवलाच, शिवाय शत्रूच्या तळांवर प्रतिहल्ल्याची क्षमता मिळवायचंही ठरवलं.

आता प्रश्न. स्वस्त ड्रोन महागडे रणगाडे फोडतायत, तर भर कशावर द्यायचा: मोठ्या फौजेवर की दारूगोळ्याच्या कारखान्यांवर? सैन्यात काम केलेलं कुणी असेल तर सविस्तर सांगाल का?