लेणं, लेणी की लेण्या? आणि चैत्याला मंदिर म्हणावं का?

परवा कार्ल्याला गेलो होतो. एकवीरेचं दर्शन घेऊन वळलो, तर शेजारच्या चैत्यासमोर एक बाई लेकाला सांगत होत्या, "हे बुद्धाचं जुनं मंदिर." पोरगं म्हणालं, "मग सगळे लेणी लेणी का म्हणतात? लेणी म्हणजे गुहा ना?" आईनं "हो, गुहेतलं मंदिर" म्हणून विषय मिटवला. माझा काही मिटेना. शाळेत आमच्या मराठीच्या बाईंनी सांगितलं होतं की डोंगरानं ल्यालेलं ते लेणं, म्हणजे दागिना. खरं का हे? आणि एकाला लेणी आणि पुष्कळांना लेण्या, की कसं? मंदिर म्हटलं तर चुकतं का, हेही जाणकारांनी सांगावं.

---

बाईंची कल्पना गोड आहे, पण शब्द वेगळे आहेत. कुंकू लेणं, काजळ लेणं, अंगावरचं लेणं हा एक. डोंगरातलं लेणं हा दुसरा. दुसऱ्याचं मूळ संस्कृत 'लयन', पाली-प्राकृतात 'लेण'. धातू 'ली': आसरा घेणं, दडणं, विसावणं. पावसाळ्याचे तीन महिने भिक्षूंनी एका जागी राहायचं, त्यासाठीचा आसरा ते लेण. लीन, विलय, निलय ही सगळी त्याच घरातली भावंडं. आलयसुद्धा! म्हणजे देवालय म्हणा नाहीतर लेणं म्हणा, धातू एकच.

पुरावा हवा तर नाशिकच्या पांडवलेण्यांत १० क्रमांकाच्या लेण्यात जा. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा लेख आहे, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. भाषा बरीचशी संस्कृत, पण ऐन जागी शब्द येतात: 'इदं लेणं कारितं इमा च पोढियो'. हे लेणं करवलं आणि या पोढ्या. पोढी म्हणजे खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं. 'इदं' काढून 'हे' घाला, पहिले दोन शब्द आजही तसेच चालतील. (पांडवांचा त्या लेण्यांशी संबंध नाही, पण ते नाव आता सुटायचं नाही.)

---

लिंगवचनाचं मी सांगतो, कारण रोज प्रुफं तपासताना डोकं फिरतं. ते लेणं, ती लेणी. नपुंसकलिंग. गाणं-गाणी, तळं-तळी, तसंच. 'गाण्या म्हटल्या' असं कोणी म्हणतं का? मग 'लेण्या पाहिल्या' कुठून आलं? माझ्या मते दोन वाटांनी. एक, 'लेण्यात', 'लेण्यांचा' ही सामान्यरूपं कानावर असतात. दोन, 'लेणी' हे स्त्रीलिंगी एकवचन वाटतं आणि मग काठी-काठ्या, तशी लेणी-लेण्या. जुन्नरच्या लेण्याद्रीतलं 'लेण्या' हे मात्र अनेकवचन नव्हे, तिथे पुढे 'अद्रि' जोडलाय. लेण्यांचा डोंगर. त्यातल्याच एका विहारात आता गिरिजात्मज गणपती आहे, तेव्हा लेणं आणि देऊळ एकाच उंबऱ्याच्या आत आहेतच.

---

पण रूढी म्हणून काही आहे की नाही? आमच्याकडे वाडीत सगळे 'लेण्या' म्हणतात. गाइडही म्हणतात.

---

बोलताना म्हणा हो. छापताना माझ्याकडे पाठवू नका.

---

मंदिराच्या प्रश्नाकडे. ज्यांनी कार्ल्याचा चैत्य करवला त्यांनी त्याला काय म्हटलंय ते आधी बघू, कारण त्यांनी लिहून ठेवलंय. व्हरांड्याच्या डाव्या टोकाला ब्राह्मी लेख आहे: वेजयंतीचा सेठी भूतपाल यानं हे 'सेलघर' पुरं करवलं, 'जंबुदिपम्हि उतमं', जंबुद्वीपात उत्तम. वेजयंती म्हणजे कर्नाटकातलं बनवासी. सेल म्हणजे शैल, आणि घर म्हणजे आपलं घरच. नाशिकलाही तसंच: १८ क्रमांकाच्या लेण्यात भटपालिका नावाच्या बाईनं 'चेतियघर' पुरं केल्याची नोंद आहे. मंदिर नाही, गुहा नाही, घर!

आणि हे नुसतं म्हणण्यापुरतं नाही. कार्ल्याच्या चैत्यात उभं राहून वर बघा. कमानदार छताला लाकडी फासळ्या लावलेल्या दिसतील, मूळच्या, जवळपास दोन हजार वर्षांच्या. त्यांच्यावर कसलाही भार नाही. डोंगर पोखरलाय, छत आपोआप उभं आहे. मग लाकूड कशाला? कारण बांधणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे लाकडी घर होतं आणि घराला वासे हवेत. शेजारच्या भाज्याला तर खांबही आत कललेले कोरलेत. लाकडी बांधणीत छपराचा रेटा पेलायला खांब तिरपे रोवत, ते दगडातही तसेच ठेवले. कार्ल्याच्या खांबांच्या बुडाशी घट आहेत. लाकडी खांब भांड्यात उभे करायची रीत असावी, त्याची ती आठवण, असा तर्क करतात. घट म्हणजे समृद्धीची खूण, हेही आहेच.

खांब एकूण ३७. दोन्ही बाजूंना १५-१५, त्यांच्या माथ्यावर गुडघे टेकलेले हत्ती आणि स्वार. स्तूपामागचे ७ मात्र साधे, अष्टकोनी. काही खांबांवर दात्यांची नावं आहेत, त्यांत धेनुकाकट गावचे यवनही (म्हणजे ग्रीक) आहेत. लेखातला शब्द 'थंभो', स्तंभ. आपला 'खांब' त्यातून आलेला नाही, तो 'स्कंभ'चा. 'थंभ'च्या घरातलं आपल्याकडे उरलंय ते 'थांबणं'.

आता 'चैत्य'. 'चि' म्हणजे रचणं, थर लावणं. चिता त्यातलीच. काटेकोर बोलायचं तर चैत्य म्हणजे तो स्तूप, आणि दालन ते चैत्यगृह. आपण दालनालाच चैत्य म्हणतो, चालायचंच. कार्ल्याच्या स्तूपावर मूर्ती नाही. अंड म्हणजे खालचा घुमट, वर हर्मिका म्हणजे चौकोनी कठडा, तिच्यावर लाकडी छत्र, तेही मूळचं. छत्र राजाच्या डोक्यावर धरतात, इथे ते बुद्धाच्या आठवणीवर धरलंय. दर्शनी भागावरच्या बुद्धमूर्ती काही शतकांनंतरच्या. गाभारा नाही, दार लावून घ्यायची सोय नाही. खांब आणि भिंत यांच्यामधून चालत स्तूपाला प्रदक्षिणा घालायची. पुढच्या पिंपळपानाच्या आकाराच्या मोठ्या कमानीतून उजेड आत येतो तो थेट स्तूपावर.

म्हणून आजच्या अर्थानं 'मंदिर' म्हटलं की मूर्ती आणि गाभारा गृहीत धरले जातात आणि बघणाऱ्याचे डोळे चुकीच्या जागी शोधत राहतात. संस्कृतात मात्र मंदिर म्हणजे मुळात राहायची जागा, घर. त्या अर्थानं ती आई भूतपालाच्या बरीच जवळ होती.

---

भूतपालाच्या लेखातलं, 'पुरं करवलं' यासाठीचं 'परिनिठापितं' राहिलं की. परिनिष्ठापित, पूर्णत्वाला नेलेलं. 'निष्ठा'चा एक जुना अर्थ शेवट, पूर्णता. आपण आता तिला इमानाच्या कामाला लावलंय.

---

आणि 'दागोबा'? जुन्या लिखाणात स्तूपाला दागोबा म्हटलेलं वाचलंय. मी कित्येक वर्षं तो खंडोबा-विठोबासारखा कुणी स्थानिक देव समजत होतो!

---

'धातुगर्भ'पासून. धातू म्हणजे अस्थी-अवशेष, ते ज्याच्या पोटात आहेत तो. सिंहलीत 'दागब', तिथून इंग्रजांच्या पुस्तकांत, आणि तिथून फिरून आपल्याकडे. शेवटचा 'बा' मराठी कानाला ओळखीचा वाटला, एवढंच.

---

आभार सगळ्यांचे. पुढच्या रविवारी पुन्हा जातोय, या वेळी बॅटरी घेऊन. व्हरांड्यात डावं टोक म्हणालात, ते आत तोंड करून ना?

---

हो, आत तोंड करून. सकाळी लवकर जा, नंतर एकवीरेच्या रांगेतून वाट काढावी लागते.