"जीव गेला उन्हानं" म्हणणारा खोटं बोलतो का?

रखरखाट:
मे महिना, पारा 43 वर. दुपारी बाहेरून आलेला माणूस पंख्याखाली टेकतो आणि म्हणतो, "जीव गेला ओ उन्हानं." परवा गप्पांत एकानं ठासून सांगितलं, की असं बोलणं म्हणजे खोटेपणाची पहिली पायरी. मला हे बिलकूल पटत नाही. जीव गेलेला माणूस बोलत नसतो, हे दोघांनाही ठाऊक असतं. म्हणूनच ऐकणारा आधी पाण्याचा तांब्या पुढे करतो. "आज 43 अंश आहे" म्हटलं असतं तर कोण उठलं असतं?

शाळेत अतिशयोक्ती अलंकाराला दमडीच्या तेलाचं उदाहरण असायचं. दमडीच्या तेलात सासूबाईंचं न्हाणं होतं, इथवर एखादा भोळा विश्वास ठेवेलही. पण पुढे ओघळ वेशीपर्यंत जातो आणि त्यात चक्क उंट वाहून जातो. तो उंट मुद्दाम आणलेला आहे, कुणी फसू नये म्हणून. खोटं बोलणारा असा उंट लपवतो.

मागवाला:
कवितेत उंट शोभतो. बाजारात काय? आमच्या घरात तीन पिढ्या चादरीचा धंदा. दुकानदार बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला सांगतो, "वीस वर्षं धुवा, रंग हलणार नाही." सुती चादर आहे, पक्का रंगसुद्धा धुऊन धुऊन थोडा उतरतोच. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तिला फुगवून सांगायची गरज काय? चादर घरी जाऊन फिकी पडली की गिऱ्हाईक आमच्या खऱ्या बोलण्यावरही विश्वास ठेवत नाही. शब्दाची पत जाते, आणि ती सगळ्या पेठेची जाते.

रात्रपाळी:
मी परिचारिका आहे. दुखणं शून्य ते दहामध्ये किती, असं आम्ही विचारतो. लोक सरळ "बारा" म्हणतात. मला त्या बाराचा राग येत नाही. त्यातून माणूस घाबरलाय हे कळतं, आणि आधी धीर द्यावा लागतो. मला भीती वाटते ती उलट्या बोलण्याची. पहाटे भाकरी थापून आलेली आजी छातीवर हात ठेवून "जरासं दुखतंय बघ" म्हणते, घाम पुसते, आणि ईसीजी काढल्यावर आमची धावपळ उडते. कमी करून सांगणं जास्त महागात पडतं. मागवालेसाहेब, याबद्दल कुणी बोलत नाही.

चार_पुतळे:
दुकान, दवाखाना राहू द्या. "सोलापूर 17 वर्षं आधीच स्वतंत्र झालं" हे वाक्य भाषणांतून छातीठोकपणे येतं. मे 1930 मध्ये इंग्रजांचा अंमल इथं काही दिवस ढळला आणि मग मार्शल लॉ लागला, हा इतिहास आहे. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे या चौघांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी दिली. हे असंच सांगितलं तरी अंगावर काटा येतो. वाढवून सांगितलं की परगावचा माणूस वाढवलेल्या भागावर वाद घालत बसतो आणि फाशी बाजूला पडते.

रखरखाट:
चार_पुतळे, पूर्ण सहमत. पण फुगवलेलं ऐकणाऱ्याला ओळखू यायला हवं, ही माझी कसोटी इथेही चालते. ऐकणाऱ्या पोराला मुळात काय घडलं हेच माहीत नाही, तर त्याला उंट ओळखू येणार कसा? ती अतिशयोक्ती उरतच नाही, ती चुकीची माहिती होते. दुकानाचंही तेच. गिऱ्हाइकानं "खरंच वीस वर्षं?" असं विचारलं, की तिथं फुगवणं थांबवून खरं सांगायचं. म्हणून घरातल्या बोलण्यावर बंदी कशाला? "किती वेळा हाका मारल्या, घसा सुकला" असं आईनं म्हणायचंच नाही का?

मागवाला:
आईनं खुशाल म्हणावं. पण गिऱ्हाईक विचारत नाही ओ, लाजतं. तुमची कसोटी ऐकणाऱ्याच्या धिटाईवर उभी आहे. मी म्हणतो, पैसे घेणाऱ्यानं आधीच खरं सांगावं.