सल्ला हवा : आईबाबांचे पासवर्ड आणि कागदपत्रांचे स्कॅन सुरक्षित कसे ठेवावेत?

शिरवळकर : आईबाबा साताऱ्याला आणि मी बंगळूरला असतो. बँक, पेन्शन आणि ईमेलचे पासवर्ड बाबांच्या मोबाइलमधील नोट्समध्ये उघडेच लिहिलेले आहेत, तर सातबारा, खरेदीखत आणि विमा पॉलिसीचे स्कॅन व्हॉट्सअ‍ॅपवर विखुरलेले आहेत. वर्षाला हजार रुपयांत बसेल आणि सत्तरीतल्या माणसांना झेपेल अशी व्यवस्था सुचवावी.

गोदाकाठ : मी हार्डवेअर सिक्युरिटी की (लॉगिन करताना संगणकाला किंवा फोनला जोडायची छोटी चावी) वापरतो आणि एक जादा की कपाटात ठेवतो. ती खऱ्या संकेतस्थळाचा पत्ता स्वतः तपासते, त्यामुळे बनावट पानावर चालतच नाही. हजारात बसणार नाही, पण इथे काटकसर करू नये.

मीनल_ठाणे : बिटवॉर्डन या पासवर्ड सांभाळणाऱ्या ॲपची मोफत आवृत्ती पुरेशी आहे. एकच लांब मास्टर पासवर्ड लक्षात ठेवायचा, बाकीचे तेच भरते. आमच्या घरी सगळे हेच वापरतात.

जुनाजाणता : ऑनलाइन तिजोरीवर माझा विश्वास नाही. 2022 मध्ये लास्टपास या अशाच पासवर्ड सांभाळणाऱ्या सेवेच्या ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या. त्यांतील पासवर्ड कूटबद्ध होते, परंतु संकेतस्थळांचे पत्ते तसे नव्हते. कीपासएक्ससी हे ॲप घ्यावे, त्यात पासवर्डची फाइल आपल्याच संगणकावर राहते. शिवाय दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलावेत.

मीनल_ठाणे : या शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. ठरावीक मुदतीने बदलण्याची सक्ती केली की माणसे शेवटचा आकडा तेवढा वाढवतात. अमेरिकेतील निस्ट या मानके ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनेही 2017 मध्ये अशी सक्ती नको असे सांगितले. पासवर्ड फुटल्याची शंका आली की मात्र लगेच बदलावा.

गोदाकाठ : सिक्युरिटी की घेतल्यास हा वादच उरत नाही, असे मी पुन्हा सुचवतो.

वाईची_वैशाली : मूळ प्रश्न फोन हरवला तर काय, हा आहे. माझ्या मामांचा फोन एसटीत चोरीला गेला तेव्हा ईमेलचा पासवर्ड त्यांना तोंडपाठ होता, परंतु ओटीपी त्याच सिमवर येत असल्याने त्यांना स्वतःच्याच खात्यात शिरता येईना. गूगलच्या खात्यात ओटीपीऐवजी वापरायचे 'बॅकअप कोड' मिळतात. प्रत्येक आठ अंकी कोड एकदाच चालतो. ते आजच छापून खरेदीखताच्या फाइलमध्ये ठेवावेत, सिमला पिन लावावा आणि फोन गेला तर सर्वप्रथम सिम बंद करून घ्यावे. खात्यातून पैसे गेले असतील तर वेळ न दवडता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवावे. सातबाऱ्याच्या स्कॅनची एवढी चिंता नको, कारण डिजिटल स्वाक्षरीचा उतारा महाभूमी या राज्य सरकारच्या जमीन नोंदींच्या संकेतस्थळावरून केव्हाही काढता येतो. खरेदीखत आणि पॉलिसीच्या प्रती मात्र दोन वेगवेगळ्या ठिकाणी हव्यात.

जुनाजाणता : दोन ठिकाणी म्हणजे दोन पेनड्राइव्ह, क्लाउड नव्हे.

शिरवळकर : सर्वांचे आभार. बाबांशी बोललो, त्यांना ना ॲप हवे आहे, ना सिक्युरिटी की. प्रत्येक खात्याला वेगळा, लांब पासवर्ड देऊन तो वहीत लिहायचा आणि वही कुलपाच्या कपाटात ठेवायची, असे ठरले आहे. एटीएमचा आणि यूपीआयचा पिन वहीत येणार नाही, आणि मोबाइलमधील नोट मी समोर बसून पुसणार आहे. बॅकअप कोडची एक प्रत बँकेच्या लॉकरमध्ये राहील, दुसरी माझ्याकडे. स्कॅन एका पेनड्राइव्हवर आणि माझ्या क्लाउडमध्ये, दोन्हीकडे राहतील.

मीनल_ठाणे : वही घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेस पडते, म्हणून बिटवॉर्डनचा पुन्हा विचार करावा.