मदत हवी आहे: रिव्ह्यूत ‘व्हाय फ्लोट?’ लिहिलं आणि ज्युनियर बोलेनासा झाला

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणारे, सांभाळून घ्या.

पुण्यात एका मध्यम कंपनीत बॅकएंडला आहे, अकरा वर्षं झाली या धंद्यात. आठ महिन्यांपूर्वी टीममध्ये नांदेडचा एक मुलगा आला, हुशार आणि कामाला वाघ. पहिले दोन आठवडे मॅम मॅम करायचा, मग टपरीवर चहाला जायला लागलो तसा कधी ताई म्हणायला लागला कळलंच नाही.

तर गेल्या गुरुवारी त्याचा इनव्हॉइसचा पीआर आला, म्हणजे मुख्य कोडात घालण्याआधी रिव्ह्यूला, तपासायला पाठवलेला बदल, अकराशेच्या वर ओळी (एवढा मोठा पाठवू नकोस, तुकडे कर, हे मी आधी सांगायला हवं होतं, नाही सांगितलं). रात्री पोरीला झोपवून साडेदहाला बसले आणि बघते तर जीएसटीच्या सगळ्या रकमा फ्लोटमध्ये, म्हणजे अपूर्णांक अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात. हिशोबाचं सॉफ्टवेअर केलेल्यांना माहितीये, फ्लोटमध्ये ०.१ अधिक ०.२ केलं की सरळ ०.३ येत नाही, ०.३०००००००००००००००४ येतं, एका बिलात काही दिसत नाही पण हजारो बिलांची बेरीज झाली की कुठेतरी पैशा-दोन पैशाने ताळा चुकतो आणि अकाउंट्सवाले आपल्या डोक्यावर बसतात. दशांश नेमके ठेवणारं डेसिमल घ्यायचं नाहीतर सगळं पैशांत मोजून पूर्णांक ठेवायचे. हे सगळं माझ्या डोक्यात होतं हो, कमेंटमध्ये उतरलं फक्त ‘व्हाय फ्लोट?’ एवढंच. खाली ‘धिस इज राँग’, मग व्हेरिएबलची नावं, मग कुठे जास्तीची स्पेस, असं करत ३७ कमेंट झाल्या, रिक्वेस्ट चेंजेस (म्हणजे बदल केल्याशिवाय पास नाही) दाबलं आणि झोपले.

शुक्रवारी दुपारपर्यंत ३७ ठिकाणी ‘डन’. ना प्रश्न, ना वाद. चहाला बोलावलं तर म्हणे ‘तुम्ही व्हा पुढे, मॅम’. मॅम! तिथे पोटात खड्डा पडला माझ्या.

त्यानंतरचे दोन पीआर त्याने दुसऱ्याच एकाला लावले, जो फाइल उघडायच्या आधी एलजीटीएम (‘लुक्स गुड टु मी’, म्हणजे पास) टाकतो. मर्ज होऊन मुख्य कोडात गेल्यावर बघितलं तर क्रेडिट नोटच्या कोडमध्ये परत फ्लोट. म्हणजे राग गेला चुलीत, त्याला मुद्दाही कळला नव्हता, मी सांगितलं तेवढं नुसतं बदललं होतं त्याने.

शेजारी खुर्ची ओढून ‘अरे हे फ्लोट का घेतलंस रे’ म्हटलं असतं तर काही झालं नसतं. पण तो ‘रे’ इंग्रजीत कुठे बसवू? टीममधले दोघं चेन्नईचे, त्यामुळे कमेंट इंग्रजीतच लागतात आणि माझं इंग्रजी ऑफिसपुरतं, त्यात लाडीगोडी जमत नाही. स्मायली टाकली तर अजूनच खोचक वाटतं.

त्याच्याशी कसं बोलू? लीडला मध्ये घेऊ का? आणि तुम्ही लोक कमेंट लिहिता कशा?

प्रतिसाद १
लीडला अजिबात मध्ये घेऊ नका, साध्या गोष्टीची तक्रार होऊन बसेल. बाकी तुमचं काही चुकलं नाही. कोडला बोललात, माणसाला नाही. हल्लीची पोरं फार हळवी झालीत, आमच्या वेळी लीड सगळ्यांसमोर सोलून काढायचा.

प्रतिसाद २
सोलून काढायचा म्हणून तो बरोबर होता का? लिनक्स बनवणारा लिनस टोरवाल्ड्स इतकी वर्षं लोकांना फाडून खायचा, त्यानेसुद्धा सप्टेंबर २०१८ मध्ये जाहीर माफी मागून लिनक्सच्या गाभ्याच्या, कर्नलच्या कामातून थोडे दिवस सुट्टी घेतली.

ताई, तुमच्या ३७ पैकी अडवण्यासारख्या किती होत्या? माझ्या अंदाजाने चार-पाच. स्पेस आणि फॉरमॅटचं काम फॉरमॅटरला (कोडची मांडणी आपोआप करणाऱ्या टूलला) द्या, मशीनचा कोणाला राग येत नाही. उरलेल्या किरकोळ कमेंटच्या आधी ‘निट’ (बारीकसारीक, अडवण्यासारखं नाही) लिहा, म्हणजे केलं तर केलं. गूगलने त्यांच्या रिव्ह्यूच्या सूचना सगळ्यांसाठी खुल्या केल्यात, त्यात हे आहे आणि असंही आहे की बदल परफेक्ट नसला तरी त्याने एकूण कोड सुधारत असेल तर पास करण्याकडे कल ठेवा. ‘व्हाय’ने सुरुवातच करू नका, इंग्रजीत ते मास्तरांनी बाकावर उभं केल्यासारखं वाटतं. त्या फ्लोटला तुम्ही इथे जे ०.१ अधिक ०.२ चं लिहिलंय तेच तिथे लिहायला हवं होतं, दोन ओळींचं काम.

प्रतिसाद ३
मी त्या मुलाच्या वयाचा आहे म्हणून विचारतो, राग मानू नका. कमेंट लिहिताना तुम्ही ‘स्टार्ट अ रिव्ह्यू’ दाबता की ‘अॅड सिंगल कमेंट’? कारण सिंगल दाबलं की प्रत्येक कमेंट तिथल्या तिथे जाते, नोटिफिकेशन वेगळं. माझ्या सीनियरने एकदा असंच केलेलं, मी बहिणीच्या हळदीत होतो आणि फोन टिंग टिंग टिंग, बाराच्या पुढेपर्यंत. कमेंट चांगल्या होत्या हो, पण पंधराव्या टिंगला मला नोकरी जाणार असं वाटायला लागलं. रिव्ह्यू सुरू करून शेवटी सबमिट केलं की सगळं एकदम जातं, आणि पाठवायच्या आधी स्वतःला परत वाचताही येतं.

धागाकर्ती
अरे देवा. मी कायम सिंगलच दाबते, हे दुसरं बटण कशासाठी आहे हे आजपर्यंत बघितलंच नव्हतं. म्हणजे त्या रात्री साडेदहापासून त्याच्या फोनवर ३७ वेळा मी.

प्रतिसाद २, मोजल्या. अडवण्यासारख्या तीन निघाल्या.

सोमवारी क्रेडिट नोटचा फ्लोट काढायचाच आहे, तो त्याच्या शेजारी बसून दोघं मिळून काढू म्हणते, आणि नोटिफिकेशनचं तेव्हाच सांगेन. फक्त एक विचारायचंय, सॉरी तोंडी म्हणून पुरे का त्या जुन्या पीआरवरही लिहू? कमेंट सगळ्या टीमने वाचल्यात, सॉरी एकट्यालाच ऐकवलं तर बरं दिसेल का?