शब्दचर्चा: कोप, क्रोध आणि निवाडा

परवा मराठी बायबलमधलं 'प्रकटीकरण' वाचत होतो. सोळाव्या अध्यायात सात देवदूत देवाच्या क्रोधाच्या सात वाट्या ओततात. माणसांना फोड येतात, समुद्राचं रक्त होतं, ऊन होरपळवतं. आपण एरवी याला 'देवाचा कोप' म्हणू. इथे 'क्रोध' का? आणि 'न्यायाचा दिवस' म्हणजे कयामतच ना?

—

'कोप' आपल्याकडे होतो आणि उतरतोही. देवीचा कोप झाला की नवस बोलतात, ओटी भरतात. बायबलमधला क्रोध तसा नाही. रोमकरांस पत्रात (2:5) प्रेषित पौल म्हणतो की, अंतःकरण कठीण करून बसलेला माणूस क्रोधाच्या दिवसासाठी स्वतःकरताच क्रोध साठवतो. कणगीत धान्य साठवावं तसा. कोप साठवता येत नाही, म्हणून मला इथे 'क्रोध'च बरोबर वाटतो.

यामागचा हिब्रू शब्द तर फारच सुंदर आहे. 'अफ' म्हणजे नाक, आणि 'अफ' म्हणजेच राग. एखाद्याचं नाक तापलं म्हणजे तो रागावला. नाकाच्या शेंड्यावर राग असलेली माणसं आपल्याही घरात असतातच! आता निर्गम 34:6 पाहा. तिथे देव स्वतःची ओळख देताना 'एरेख अप्पायिम' म्हणतो, शब्दशः 'लांब नाकाचा'. ज्याचं नाक तापायला वेळ लागतो, असा. मराठी बायबलमध्ये त्याला 'मंदक्रोध' म्हटलंय. 'सहनशील' म्हटलं असतं तर राग नाहीच असं वाटलं असतं. 'मंदक्रोध' सांगतो की राग आहे, पण तो सावकाश येतो. सात वाट्यांचा अध्याय हा शब्द मनात ठेवून वाचावा, असं मी कळकळीने सांगेन.

प्रकटीकरण 14:10 मध्ये क्रोधाचा द्राक्षारस आहे. ग्रीक लोक द्राक्षारसात पाणी घालून पीत. हा मात्र 'अक्रातोस', पाण्याचा थेंबही न घातलेला.

—

कयामतीबद्दल. अरबीत त्याचा अर्थ उठणं, मेलेल्यांनी उठून उभं राहणं. मराठीत वापरताना तो अर्थ गळला आणि नुसता विध्वंस उरला. 'प्रलय'ही चालणार नाही, कारण प्रलयानंतर पुन्हा सृष्टी आणि पुन्हा प्रलय येतो. प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायातला न्याय एकदाच होतो. मोठं पांढरं राजासन, लहानथोर मेलेले समोर उभे, आणि पुस्तकं उघडलेली.

मला मात्र 'न्याया'पेक्षा 'निवाडा' जवळचा वाटतो. ग्रीक 'क्रिसिस' ज्या धातूतून आला त्याचा अर्थ वेगळं करणं. आपला निवाडाही निवडण्यातूनच आला. आजी ओसरीवर सूप घेऊन तांदूळ निवडायची. पाखडलं की फोलपट उडायचं, मग एकेक खडा बोटाने बाजूला. मत्तय 3:12 मध्ये बाप्तिस्मा करणारा योहान नेमकं हेच सांगतो: येणाऱ्याच्या, म्हणजे येशूच्या, हातात सूप आहे, गहू कोठारात जाईल, भूस न विझणाऱ्या आगीत. पंचविसाव्या अध्यायात मेंढरं उजवीकडे, शेरडं डावीकडे. आणि निवडण्याची खूण कोणती, तर भुकेल्याला खायला दिलं की नाही, तुरुंगातल्याला भेटलात की नाही.

—

आभार. 'निवाडा' कोर्टकचेरीचा शब्द समजत होतो, सूप कधी दिसलंच नव्हतं. एकच राहिलं. प्रकटीकरण 6:16 मध्ये 'कोकऱ्याचा क्रोध' आहे. कोकऱ्याला कसला क्रोध?

—

तो शब्दप्रयोग सौम्य करू नका, खटकू द्या. एक पान मागे जा. 5:6 मध्ये हेच कोकरू, म्हणजे येशू, 'जणू काय वधलेलं' असं उभं आहे. ज्याने मार खाल्ला तोच निवाडा करतोय. म्हणून तर राजे आणि सरदार गुहांत लपतात आणि डोंगरांना म्हणतात, "आमच्यावर पडा."