मदत हवी आहे: घुमट आरतीच्या ध्वनिमुद्रणांसाठी साधा फाईल सर्व्हर, पण ऐकताना मधूनच पुढे जाता येत नाही

नमस्कार मंडळी,

गोव्यात फोंडा तालुक्यात आमच्या वाड्यावर घुमट आरतीचं पथक आहे (घुमट म्हणजे मातीच्या भांड्यावर कातडं ताणून केलेलं आमचं तालवाद्य). जुन्या वादकांची बरीच ध्वनिमुद्रणं आमच्याकडे जमली आहेत, त्यांत आरत्या आहेत, आणि घुमटावर वाजणारे सुवारी, चंद्रावळ असे प्रकार आहेत. सगळ्या एमपी३ फायली, आणि आरत्यांचे शब्द साध्या टेक्स्ट फायलींत. चवथ (गणेशचतुर्थी) जवळ आली की पोरं रात्री देवळाच्या सभामंडपात सरावाला बसतात. त्यांना हे फोल्डर आपापल्या मोबाईलवर उघडता यावं, एवढंच हवं आहे. मंडपात मोबाईलचं नेटवर्क धड येत नाही. शिवाय हे इंटरनेटवर चढवायचंही नाही. ज्यांनी वाजवलं त्यांनी वाड्यासाठी वाजवलं. त्यांतले काही आज हयात नाहीत, मग परवानगी कोणाकडे मागायची?

एक जुना लॅपटॉप आहे, त्यावर डेबियन लिनक्स घातलंय. सोबत इंटरनेट न जोडलेला एक वायफाय राउटर. टर्मिनलमध्ये हे चालवतो:

पायथन३ -एम एचटीटीपी.सर्व्हर ८००० --डिरेक्टरी /एसआरव्ही/आरत्या

मोबाईलवर लॅपटॉपचा आयपी पत्ता आणि पुढे :८००० टाकलं की फायलींची यादी येते. फायलींची देवनागरी नावंही नीट दिसतात. इथपर्यंत झकास.

खरी अडचण ऐकताना येते. शिकणारा पोरगा अख्खी चंद्रावळ पहिल्यापासून ऐकत बसत नाही. जिथे लय चढते आणि घुमटावरचा हात बदलतो, तेवढाच तुकडा त्याला पुन्हा पुन्हा हवा असतो. त्याने पट्टीवरचा ठिपका पुढे ओढला की क्रोममध्ये ध्वनिमुद्रण परत शून्यावर जातं. आयफोनवर तर ते वाजायलाच तयार नाही.

कारण शोधायला कर्ल (टर्मिनलमधून सर्व्हरला विनंती पाठवायचं साधन) वापरून बघितलं. विनंतीत 'रेंज: बाइट्स=१०००-१९९९' असा हेडर घातला, म्हणजे फाईलचा फक्त तेवढाच तुकडा मागितला. तुकडे देणारा सर्व्हर असेल तर त्याने २०६ हा कोड आणि हजार बाइट पाठवायला हवेत. मला आला २००, आणि मागोमाग अख्खी फाईल. म्हणजे पायथनचा हा सर्व्हर तो हेडर वाचतच नाही. ब्राउझरला मधला भाग मागताच येत नसेल तर तो उडी मारणार कुठे? आयफोनचं सफारी तर वाजवायच्या आधीच असा तुकडा मागून बघतं, आणि तो मिळाला नाही की थांबतं.

फायली सगळ्यांच्या मोबाईलवर कॉपी करून टाक, असं पथकातल्या काहींचं म्हणणं आहे. मला ते पटत नाही. एकदा कॉपी झाल्या की त्या कुठल्या ग्रुपवर फिरतील त्याचा नेम नाही.

दुसरी अडचण शब्दांच्या फायलींची. लॅपटॉपवर त्या चांगल्या दिसतात, मोबाईलच्या ब्राउझरमध्ये मात्र 'सुखकर्ता'च्या जागी टोप्या घातलेली रोमन अक्षरं उमटतात. फायली युटीएफ-८ (देवनागरी चालणारं एन्कोडिंग) मध्येच आहेत, ते तपासलंय.

आणि पावसात वीज जाते. लॅपटॉपची बॅटरी संपल्यातच जमा आहे, त्यामुळे वीज गेली की तोही बंद. परत आली की कोणीतरी टर्मिनल उघडून ती ओळ लिहायची, हे मी नसताना देवळात कोण करणार?

पायथनच्या दस्तऐवजातही लिहिलंय की हा सर्व्हर खऱ्या कामाला वापरू नये, त्यात सुरक्षेची अगदी जुजबी तपासणी आहे. त्याच लॅपटॉपवर वर्गणीचा हिशोबही आहे, त्यामुळे तीही काळजी आहे.

तर काय वापरू? इंजिनएक्स, कॅडी, डार्कएचटीटीपीडी ही नावं वाचली आहेत. इंजिनएक्स एवढ्याशा कामाला फार मोठं होईल का? उघडायचं एकच फोल्डर आहे, तेही मंडपापुरतं.

प्रतिसाद

तुमचं निदान बरोबर आहे. तिन्ही सर्व्हर तुकडे देतात, तेव्हा कोणताही घेतलात तरी पट्टी चालेल. कॅडी एका ओळीत सुरू होतो: 'कॅडी फाईल-सर्व्हर --रूट /एसआरव्ही/आरत्या --ब्राउझ --लिसन :८०८०'. पण तुमच्याकडे डेबियन आहे आणि वीज जाते, म्हणून मी इंजिनएक्सच सांगेन. एपीटीने (डेबियनमध्ये प्रोग्रॅम घालायची आज्ञा) घातलं की ते सिस्टिमडी या सेवा चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या ताब्यात जातं आणि लॅपटॉप सुरू झाला की आपोआप उठतं. मोठं वाटलं तरी मेमरी फार खात नाही.

सेटिंगच्या फाईलमध्ये सर्व्हरच्या कंसात 'लिसन ८०', 'रूट /एसआरव्ही/आरत्या', 'ऑटोइंडेक्स ऑन' आणि 'कॅरसेट युटीएफ-८' एवढं पुरे. प्रत्येक ओळीच्या शेवटी अर्धविराम हवाच. कॅरसेटच्या ओळीने तुमच्या टोप्या जातील. तुमचा आत्ताचा सर्व्हर 'हा साधा मजकूर आहे' एवढंच सांगतो, लिपीचं एन्कोडिंग सांगत नाही, म्हणून ब्राउझर अंदाज बांधतो. पोर्ट ८० असला की पत्त्यापुढे आकडा लिहावा लागत नाही. 'साइट्स-एनेबल्ड'मधली 'डिफॉल्ट' ही लिंक काढा, नाहीतर त्यांचं स्वागताचं पान दिसत राहील. मग 'इंजिनएक्स -टी'ने तपासून रीलोड करा.

फायली /एसआरव्ही खालीच राहू द्या, होम फोल्डरमध्ये हलवलात तर बहुधा ४०३, म्हणजे 'परवानगी नाही', मिळेल. हिशोबाचं फोल्डर त्या वापरकर्त्यापुरतं, म्हणजे ७०० परवानगीचं करा, आणि आरत्यांच्या फोल्डरात बाहेर नेणारी एकही सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणारी फाईल) ठेवू नका. राउटरमध्ये डीएचसीपी रिझर्व्हेशन करून लॅपटॉपचा पत्ता कायमचा बांधून टाका. वीज आल्यावर लॅपटॉप स्वतःहून सुरू होण्याची सोय बायोसमध्ये असेल तर उत्तम, पण सगळ्या लॅपटॉपांत ती नसते.

धागाकर्ता

मनापासून आभार! आज सांजेला बसवलं. कर्लला २०६ आला, आयफोनवर वाजलं, शब्दही स्वच्छ. वीज आल्यावर लॅपटॉपचं बटण तेवढं दाबावं लागतं, ते भटजी दाबतील.

एक गोष्ट अजून सतावते. काही अँड्रॉइड मोबाईल वायफायला जोडतात, 'इंटरनेट नाही' असं म्हणतात आणि गुपचूप मोबाईल डेटावर जातात. मग आमचं पान उघडत नाही. यावर काय करायचं?

प्रतिसाद

सरावापुरता मोबाईल डेटा बंद ठेवायचा. जोडताना 'इंटरनेट नसलं तरी जोडलेलं राहू दे' अशा अर्थाचा प्रश्न येतो, त्याला होय म्हणायचं. आणि पत्ता हाताने लिहायला लावू नका, सुरुवातीच्या एचटीटीपीसकट त्याचा क्यूआर कोड छापून मंडपात लावा. लॅपटॉपवर क्यूआरएन्कोड नावाचं छोटं साधन एपीटीने घातलंत की तो तिथेच तयार होतो.